पँटच्या निऱ्या

खुर्चीवर बसण्याआधी ते निऱ्या सावरायचे. डावा हात पोटाखाली जायचा, चार बोटांत काहीतरी धरायचा, किंचित बाजूला करायचा आणि मगच काका बसायचे. नेसलेली असायची पँट. तीही मुलाने डब्लिनहून आणलेली, कडक इस्त्रीची. तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्या माणसाची काहीतरी लकब असेल. मीही आधी तेच म्हटलं होतं. पण जिने आपल्या आईला जन्मभर साडीत उठता-बसताना पाहिलंय, तिला निऱ्या ओळखू येणार नाहीत तर कुणाला?

काका आमच्या शेजारचे. आमची घरं डब्लिनजवळच्या नास गावातल्या एका वसाहतीत, एकाला एक चिकटलेली, मधली भिंत सामाईक. त्यांचा मुलगा आणि सून सकाळी डब्लिनला ऑफिसला जायचे ते संध्याकाळी उशिरा यायचे. मी घरूनच काम करते. काकी गेल्यावर मुलाने काकांना तीन महिन्यांच्या व्हिसावर बोलावून घेतलं होतं. गाव वेंगुर्ल्याकडचं. मुलाचा हेतू चांगला होता, हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढे तुम्हाला त्याचा राग येईल.

आमची पहिली भेट अलार्मने घडवली. मुलगा निघताना घराला अलार्म लावून जायचा. काकांना ते माहीत होतं, पण मागचं दार उघडलं तरी तो वाजतो हे माहीत नव्हतं. मी मीटिंगमध्ये असताना शेजारी भोंगा सुरू झाला. कुंपणावरून पाहिलं तर काका मोजे घालून ओल्या गवतात उभे, दोन्ही हात वर. समोर पोलीस नव्हता, कुणीच नव्हतं. मी मुलाला फोन करून कोड विचारला आणि भोंगा बंद केला.

"माका वाटला माझ्याच नावान वाजता," काका म्हणाले. "हात वर केलेले बरे."

त्या दिवसापासून काकांनी घरातल्या दारा-खिडक्यांना हात लावणं सोडलं. समोरच्या खोलीतली एक खुर्ची त्यांनी धरली आणि दिवसभर तिथेच बसून बाहेर बघू लागले. बाहेर बघण्यासारखं काय, तर एकसारखी घरं, तीन रंगांचे कचऱ्याचे डबे आणि पाऊस. मुलगा मला म्हणाला, "जरा लक्ष ठेव ना प्लीज." म्हणजे मी त्यांची राखणदार झाले. दुपारी जेवायच्या सुट्टीत मी त्यांना आमच्याकडे चहाला बोलवू लागले.

"बस गो बाय," ते माझ्याच घरात मला म्हणायचे. मग हात निऱ्यांकडे जायचा आणि ते बसायचे.

मुलाने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की बाबा पोस्टमास्तर होते. आपल्या लोकांत कुणाचे वडील आले की पहिला प्रश्न तोच असतो, काका काय करायचे? इथल्या आमच्या मराठी मंडळाच्या एका जेवणात कुणीतरी तो विचारला आणि काकांच्या आधी मुलाने उत्तर दिलं. काकांनी एक क्षणही न दवडता मान डोलावली आणि सुरू झाले. पावसाळ्यात नदीला पूर आलेला असताना टपालाची पिशवी डोक्यावर घेऊन गेलेला पोस्टमन, चुकीच्या बाईला वाचून दाखवलेलं प्रेमपत्र, कुत्रा मागे लागला म्हणून माडावर चढलेला शिपाई. लोक जेवणं थांबवून ऐकत होते. मुलगा तेवढा ताटात बघत होता.

इथल्या पोस्टमनलाही त्याने ओळख करून दिली होती. तो लालबुंद गालांचा गडी रोज काकांना खिडकीतून सलाम ठोकायचा आणि ओरडून विचारायचा, "कसं काय, बॉस?" काका आतून ओरडायचे, "ग्रँड!" म्हणजे झकास. आयर्लंडने त्यांना दिलेला तो एकच शब्द. एकदा पोस्टमनने आपली गाडी उघडून आतले कप्पे दाखवले, तेव्हा काकांनी एकेका कप्प्यावर हात फिरवून असा काही सुस्कारा सोडला की तो बिचारा भारावून गेला.

"काका, तुम्ही पोस्टात नव्हतात," मी एका दुपारी म्हणाले. "पोस्टातली माणसं निऱ्या सावरत नाहीत."

ते माझ्याकडे बघत राहिले. चोरी पकडली गेल्यासारखे नाही, तर कुणीतरी दार उघडल्यासारखे. मग हसले. त्यांच्या वयाच्या पुरुषांना तसं हसताना मी पाहिलेलं नाही. मान जराशी खाली घालून, पदर ओठांशी नेल्यासारखं.

काका दशावतारात स्त्री पार्ट करायचे. मिसरूड फुटायच्या आधीपासून ते गुडघे कुरकुरायला लागेपर्यंत. तुमच्यापैकी जे कोकणातले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. जत्रेत देवळापुढे नाटक होतं, सगळी पात्रं पुरुष करतात, आणि संवाद लिहिलेले नसतात, उभं राहून जागच्या जागी बोलायचे असतात. पोस्टमास्तरच्या गोष्टी कुठून येत होत्या ते आता तुम्हालाही कळलं असेल. काकांचं काम ठरलेलं, राणीचं. जिचं पोर रानात हरवतं आणि जी त्याला हाका मारत फिरते, ती राणी.

"पण काय गो, ह्या पोस्टमास्तराचा सोंग लय कठीण," ते म्हणाले. "ह्याका रंग लागना नाय. आणि उतरवूक जागा खंय?"

मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की हा माणूस मोजे घालून गवतात उभा होता तेव्हा कुठल्या घरातून बाहेर पडायला बघत होता.

त्यांच्या कंपनीचा एक दंडक होता. एकदा तोंडाला रंग लागला की नटाने स्वतःच्या नावाला ओ द्यायची नाही. नात्याच्या हाकेलाही नाही. बायको येऊन "अहो" म्हणाली तरी समोर बघायचं, कारण तिथे तिचा नवरा नसतो, राणी असते. ओ दिली तर सोंग मोडलं. मग रंग पुसायचा आणि पुन्हा कधीच लावायचा नाही.

"आणि कुणी दिलीच तर?" मी विचारलं.

"कोण दितलो?" काका म्हणाले, आणि चहाचा कप खाली ठेवला.

मग त्यांनी जत्रेची गोष्ट सांगितली. मुलगा लहान होता, गर्दीत आईचा हात सुटला. रडत रडत तो थेट देवळामागे पोचला, जिथून नट बाहेर पडतात. काका शालू नेसून, केसांना गंगावन बांधून निघालेच होते. पोराने ओळखलं. पदर धरला आणि म्हणाला, बाबा.

"मी ओ दिलंय नाय," काका म्हणाले. "पदर सोडवलंय आणि गेलंय. भायर जावन राणीच्या पोराक हाका मारूक लागलंय. आणि मागे माझो झील रडता, माका आयकाक येता. लोक म्हणाक लागले, राणी असा कधी रडली नाय."

त्यानंतर मुलाने त्यांचं एकही नाटक पाहिलं नाही. शाळेत, कॉलेजात, पुण्यात, इथे, सगळीकडे त्याने वडिलांना पोस्टात नेऊन बसवलं. काकांनी त्याला कधी खोटं पाडलं नाही. मला मुलाचा राग यायला हवा होता, पण ही गोष्ट ऐकल्यावर तो नीटसा येईना. काकांचाही आला नाही. दोघेही आपापल्या जागी अडकून बसले होते आणि मधली भिंत सामाईक होती.

काकांच्या मनात एक गोष्ट होती. काकींच्या आजारपणात त्यांचं काम सुटलं ते सुटलंच. कंपनीत म्हातारा नट थांबतो तेव्हा तो एकदा शेवटचा उभा राहतो, काम संपलं की लोकांच्या देखत आपल्या हाताने रंग पुसतो आणि नारळ ठेवतो. त्याला रंग ठेवणं म्हणतात. काकांचा रंग ठेवायचा राहिला होता.

"माका एकदा उबा ऱ्हवाचा आसा," ते म्हणाले. "हयसर. आणि झिलान समोर बसान बघूक होया. तेवढाच."

आमच्या मंडळाचा गणपती जवळ आला होता. कोकणातला माणूस, आणि चतुर्थीला गावाबाहेर! नुसत्या त्या विचाराने काकांचं जेवण कमी झालं होतं. कार्यक्रम ठरवायचं काम माझ्याकडे होतं. हॉल, जेवण आणि साउंड त्यांच्या मुलाकडे. मी यादीत "कोकणचे पाहुणे, एक प्रवेश" असं घातलं. मुलाला वाटलं, कॉर्क शहरातून कुणी येणार आहे.

तालमी माझ्या स्वयंपाकघरात. हिरवा शालू काकांनी बॅगेच्या तळाशी काकींचा म्हणून आणला होता. तो आमच्या हॉट प्रेसमध्ये राहू लागला. हॉट प्रेस म्हणजे गरम पाण्याच्या टाकीचं कपाट, इथल्या घरातली एकमेव कोरडी जागा. दुपारी तो ऊबदार शालू अंगावर घेतला की काकांचा गुडघा दुखायचा थांबायचा. पँटमध्ये चाचपडत चालणारा माणूस शालूत तरंगल्यासारखा चालायचा. मी लॅपटॉप म्यूट करून बघत बसायचे. कामावर त्या दिवसांत माझं जे काही झालं ते न सांगितलेलंच बरं.

एकदा समोरच्या घरातली ब्राझीलची बाई आमचं चुकून तिच्याकडे आलेलं पार्सल द्यायला मागच्या दाराने आली. काका शालूत होते. आम्ही तिघंही थिजलो. मग तिने पार्सल टेबलावर ठेवलं, खुर्ची ओढली आणि राणीचा विलाप शेवटपर्यंत ऐकला. एक शब्द कळत नसताना डोळे पुसले. जाताना म्हणाली, आमच्याकडे याला क्रियापद आहे, त्रावेस्तीर. म्हणजे दुसऱ्याचे कपडे घालणं, पुरुषाने बाईचे, बाईने पुरुषाचे, वेष बदलणं. तिच्याबरोबर काम करणाऱ्या इटलीच्या आणि स्पेनच्या मुलींकडेही थोड्याफार फरकाने तोच शब्द आहे. पण आमच्या गावात तो लोक हळू आवाजात वापरतात, ती म्हणाली, नाहीतर शिवीसारखा मोठ्याने.

मी काकांना ते सांगितलं. त्यांनी शालूची घडी घालता घालता विचार केला.

"त्यांच्यात कपडे बदलतत," ते म्हणाले. "आमच्यात हाक बदलता."

गणपतीचा कार्यक्रम गावातल्या क्लबच्या हॉलमध्ये होता. रंगायला जागा मिळाली ती खेळाडूंची कपडे बदलायची खोली. कोपऱ्यात हर्लिंग या इथल्या खेळाच्या काठ्या, भिंतीला बाकडी, आणि सगळीकडे गुडघ्याला लावायच्या मलमाचा वास. "ह्यो वास बरो," काका म्हणाले, "माझो गुडघो घरात इलो." मी आरसा धरला. काकांनी गणपतीच्या दिशेने हात जोडले आणि पहिलं बोट कपाळाला लावलं.

ते कसं होतं ते मला नीट सांगता येणार नाही. भुवया झाल्या, डोळे झाले, ओठ झाले, आणि कुठल्यातरी एका क्षणी मी काकांसाठी नाही, राणीसाठी आरसा धरून उभी होते. मीही तोंड बंद केलं. हाक मारायची तर आता कुठल्या नावाने, हेच मला कळेना.

बाहेर निवेदकाने कोकणच्या पाहुण्यांचं नाव घ्यायला सुरुवात केली आणि दार उघडलं. मुलगा आत आला, हातात कॉलर माइक. साउंड त्याच्याकडे होता हे माझ्या डोक्यातच राहिलं नव्हतं. नट म्हटलं की माइक लागणार आणि तो लावायला साउंडवालाच येणार.

"सॉरी, फक्त हा क्लिप करतो," म्हणत तो पुढे आला आणि थांबला.

ओळखायला त्याला वेळ लागला नाही. लहानपणी ओळखलं होतं, आता काय लागणार?

"हे काय चाललंय?" तो मला म्हणाला. आवाज चढलेला. "तुला कुणी सांगितलं होतं हे करायला? सगळे बसलेत बाहेर. माझ्या ऑफिसचे लोक आहेत." मग त्याने आरशात पाहिलं. "बाबा, पुरे झालं. घरी चला."

राणी समोर बघत होती. आरशात मला फक्त तिचे डोळे दिसत होते. ते हलले नाहीत.

"बाबा."

राणी उठली. डाव्या हाताने निऱ्या सावरल्या, आणि या वेळी त्या खरोखर होत्या. बाहेर टाळ्या सुरू झाल्या होत्या. दार चार पावलांवर. मी मनात म्हणत होते, जा काका, जा. तीन महिने या माणसाने खिडकीत बसून याचीच वाट पाहिली होती. पुन्हा हा दिवस यायचा नव्हता. दंडक त्यांच्या बाजूने होता. बाहेर पडले असते तर कुणी त्यांना दोष दिला नसता, मी तर नाहीच.

मुलगा वाटेतून बाजूला झाला. पण जाताना पदर त्याच्या हाताला लागला, आणि त्याने तो धरला. त्याने ठरवून धरला असं मला वाटत नाही. हातानेच धरला.

"बाबा," तो म्हणाला. आता आवाज चढलेला नव्हता. चाळिशीला आलेल्या माणसाचाही नव्हता.

राणी थांबली. पदर सोडवला नाही. वळली.

"ओ," काका म्हणाले. "ओ रे, झिला."

मी आरसा बाकावर ठेवला. दोघांनाही माहीत होतं काय झालं ते, आणि मलाही. काका बाकावर बसले. "त्याल दी गो," म्हणाले. मी पर्समधून खोबरेल तेलाची बाटली काढून दिली. कापूस मुलाने माझ्या हातातून घेतला. त्याला ते येत नव्हतं, भुवई गालावर आली, कुंकू नाकावर आलं. काका डोळे मिटून, तोंड वर करून बसले होते. तोंड पुसून घ्यायला लहान पोर बसतं तसे. मुलगा पुसत होता आणि रडत होता, आणि काका मधेमधे डोळे न उघडताच म्हणत होते, "ओ, ओ."

मी बाहेर जाऊन निवेदकाला सांगितलं की पाहुण्यांची तब्येत बिघडली. मुलांचा नाच पुढे घेतला. कुणाच्या काही लक्षातही आलं नाही. थोड्या वेळाने काका पँट आणि जाकीट घालून आले, कानामागे थोडा रंग राहिलेला, आणि पहिल्या रांगेत मुलाशेजारी बसले. मी मुद्दाम बघत होते. बसताना डावा हात हलला नाही.

मला फार वाईट वाटलं, तेव्हाही आणि अजूनही. ज्या खेळासाठी ते आले होते तो झालाच नाही. नारळ तसाच माझ्या पिशवीत राहिला. दुसऱ्या दिवशी चहाला आले तेव्हा मी म्हटलं, काका, तुमचं उभं राहायचं राहूनच गेलं.

"ऱ्हवला खंय?" ते म्हणाले. "रंग ठेवलंय मी. बघणारो होतो समोर."

काका गावी परत निघाले त्या सकाळी मुलाने अलार्म लावलाच नाही. सगळी दारं उघडी टाकून तो सामान गाडीत भरत होता. पोस्टमनने काकांशी हात मिळवला आणि दोघंही "ग्रँड, ग्रँड" म्हणत राहिले. मी शालू आणायला आत निघाले तर काकांनी अडवलं. "ऱ्हवांदे थंयच," म्हणाले. "तेका ऊब आसा." तो अजून माझ्या हॉट प्रेसमध्ये आहे. टॉवेल काढताना हाताला लागतो.

दिवाळीच्या जेवणात कुणीतरी नव्याने आलेल्याने मुलाला विचारलं, तुझे बाबा पोस्टात होते ना? मी वाढता वाढता थांबले.

"नाही," तो म्हणाला. "ते दशावतारात राणी करायचे." आणि पुढे म्हणाला, "मी कधी बघितली नाही."

आता तो संध्याकाळी ऑफिसहून येतो तेव्हा गाडी दारात लावून लगेच उतरत नाही. इंजिन बंद करतो, दिवा तसाच ठेवतो आणि फोन लावतो. तिकडे मध्यरात्र होत आलेली असते, पण म्हातारा जागा असतो. माझी खिडकी तिथेच आहे, त्यामुळे मला ऐकू येतं, त्याला इलाज नाही. तो काही विशेष बोलत नाही. "बाबा," म्हणतो. आणि गाडीतल्या स्पीकरमधून, पावसाच्या आवाजातही स्पष्ट, लगेच उत्तर येतं.

"ओ."